उत्तरसूचीतले चार

"माझं बरोबर आहे की नाही, एवढंच सांगा ना मास्तर!"

दस्तगीर मास्तर अंगण झाडत होते. खराट्याची लय मोडली नाही.

"मास्तर, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकतोय बेटा. पाय उचल. पाला राहिलाय तिथं."

सुकेशिनी ढवळेनं पाय उचलला. पाला गेला. प्रश्न तिथंच राहिला.

गावाबाहेर, नदीच्या काठाला, कुणा जुन्या फकिराची कबर आहे. कबरीला लागून एक खोली, खोलीपुढं मातीचं मोठं अंगण. गावात त्याला तकिया म्हणतात. दस्तगीर मास्तरांनी हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झाले, बायको गेली तेव्हा घराला कुलूप घातलं आणि इथं येऊन राहिले. सुरुवातीला लोक ताईत मागायला येत. मास्तर ताईत देत नसत, अंगारा देत नसत, मुलगाच होईल असंही सांगत नसत. मग लोक यायचे थांबले. जो काहीच देत नाही त्याच्या दारी कोण जातो?

सुकेशिनी गेली होती. रविवारी भर दुपारी, उन्हातून, पायी. दहावीची पोरगी, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. तिला फार काही नको होतं. एक शब्द हवा होता, आणि त्या शब्दाची एक चिठ्ठी.

"चिठ्ठी कुणाला?"

"नाईकवाडे सरांना."

खराटा थांबला...

"आपला नाईकवाडे?"

"तुमच्याच हाताखाली शिकलेत ना ते. वर्गात दर दोन दिवसांनी सांगतात. तुमची चिठ्ठी बघितली तर ऐकतील."

नाईकवाडे सर कोण, हे त्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. एसटी स्टँडच्या कमानीवर ते आहेत, बँकेच्या भिंतीवर आहेत, सरकारी दवाखान्याच्या फाटकावरसुद्धा आहेत. त्यांच्या क्लासच्या फ्लेक्सवर पास झालेल्या पोरांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि सरांचा फोटो दरवाजाएवढा. पोरांनी तरी जावं कुठं? हायस्कुलातली गणिताची जागा मास्तर निवृत्त झाल्यापासून भरलेलीच नाही. चित्रकलेचे सर गणित शिकवतात. बिचारे वर्तुळ फार सुंदर काढतात. जागा भरा म्हणून अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, साहेब आले, चहा पिऊन गेले. सरकारनं मोकळी सोडलेली जागा कधी मोकळी राहत नाही. तिथं कुणीतरी दुकान थाटतोच.

"बस," मास्तर म्हणाले. "काय झालं ते सांग. पण रडायचं नाही."

"मी रडत नाहीये."

"मग ठीक."

ती खरंच रडत नव्हती. चिडली होती. चिडलेलं माणूस रडवेलं दिसतं, एवढंच.

"होडीचं गणित आहे," ती सांगू लागली. "संथ पाण्यात होडीचा वेग ताशी दहा किलोमीटर. होडी प्रवाहाच्या दिशेनं चोवीस किलोमीटर जाते आणि तेवढंच अंतर परत येते. जाऊन येऊन पाच तास लागतात. तर प्रवाहाचा वेग किती?"

"होडी बघितलीस कधी?"

"नाही."

"आणि प्रवाह?"

सुकेशिनीनं नदीकडं पाहिलं. वाळूवाल्यांनी उकरलेले खड्डे, खड्ड्यांमधून गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, कडेला एक वाळकं कुत्रं.

"तोही नाही."

"बरं. पुढं."

"माझं उत्तर दोन आलं. ताशी दोन किलोमीटर. सरांनी स्वतः छापलेला सराव संच आहे. त्याच्या मागच्या पानावर उत्तरसूची. तिच्यात चार छापलंय."

"आणि वर्गात बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं चार!"

"सगळ्यांचं कसं आलं?"

"येत नाही मास्तर, आणतात." तिचा आवाज चढला. "क्षचा वर्ग बरोबर चार, इथपर्यंत सगळेच येतात. मग मागचं पान उलटून बघतात. मग क्षच्या डोक्यावरचा वर्ग हळूच खोडतात. झालं, क्ष बरोबर चार."

"हुशार आहेत."

"लबाड आहेत!"

मास्तरांनी खराटा भिंतीला टेकवला.

"रसिकाचंसुद्धा दोनच आलं होतं," ती थोड्या वेळानं म्हणाली. आता आवाज खाली होता. "माझ्या शेजारी बसते. चौथीपासून. तिच्या कच्च्या कागदावर मी बघितलं होतं. सरांनी विचारलं, चार कुणाकुणाचं आलं, हात वर करा. तिनं केला..."

"हं."

"वर करताना माझ्याकडं बघितलं नाही तिनं."

मग सुकेशिनी उभी राहिली होती. सर, उत्तरसूची चुकलीय, म्हणाली होती. हे म्हणताना तिला भीती वाटली नव्हती. उलट बरं वाटलं होतं, हे तिनं मास्तरांना सांगितलं नाही. सर आता म्हणतील, शाब्बास ढवळे, एकटीनं चूक धरली बघा, असं तिला वाटलं होतं. वर्गात पहिली येणारी मुलगी होती ती. शाब्बास ऐकायची तिच्या कानाला सवय होती.

सर म्हणाले होते, "हा संच तीन तालुक्यांत चालतो. तीन तालुके चुकले आणि ढवळेबाई बरोबर? टँकर चालवता चालवता बापानं गणितपण शिकवलं वाटतं!"

वर्ग हसला. बाकीचे हसले त्याचं काही नाही. त्या सगळ्या गोंगाटात रसिकाचं हसू तिला वेगळं ऐकू आलं.

तिनं ताळा करून दाखवला. सर म्हणाले, पेपर तपासणारा ताळा बघत नाही, हातातली उत्तरसूची बघतो. ती म्हणाली, पण सर, ती उत्तरसूची तुमची आहे, बोर्डाची नाही. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. सरांनी तिला क्लासच्या निवड तुकडीतून काढलं. दप्तर उचलून ती बाहेर आली तेव्हा आतमध्ये पुढचं गणित सुरू झालं होतं.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या सोमवारी फळ्यावर तेच गणित सगळ्यांसमोर सोडवायचं. उत्तर चार आणायचं. मग परत घेतो म्हणालेत. नाहीतर घरी बसून कर म्हणाले सराव."

"मग कर की घरी."

घर म्हणजे आत्याचं घर. वडील टँकर घेऊन गेले की पंधरा-पंधरा दिवस येत नसत. आई लहानपणीच गेलेली. आत्या दिवसभर बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर. हाकलल्यापासून रोज सुकेशिनी आतल्या खोलीत बसून गणितं सोडवत होती. एक सुटायचं. ती मान वर करायची. समोर कपाट असायचं. दुसरं सुटायचं. कपाटच. बरोबर म्हणायला कुणी नाही, चूक म्हणायलाही कुणी नाही, पेन दे गं म्हणायलासुद्धा कुणी नाही. काल तिनं एक सोपं गणित तीनदा सोडवलं होतं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर येऊनही तिला खात्री वाटली नव्हती. तिला त्याची भीती वाटली होती.

गणितात मार्क पडले तर जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात जायचं होतं. नाही पडले तर आत्याच्या मशीनशेजारी दुसरं मशीन ठेवायला जागा होती. आत्यानं ती मोजूनही ठेवली होती.

"घरी होत नाही मास्तर," ती एवढंच म्हणाली.

मास्तरांनी खराट्यातली एक काडी मोडली आणि तिच्या हातात दिली. नुकतंच झाडलेलं अंगण पाटीसारखं साफ होतं.

"सोडव."

तिला हायसं वाटलं. हे तर येतच होतं. ती उकिडवी बसली आणि सरसर लिहीत गेली. जातानाचा वेग दहा अधिक क्ष. येतानाचा वेग दहा वजा क्ष. दोन अपूर्णांक, त्यांची बेरीज पाच. तिरकस गुणाकार. शंभर वजा क्षचा वर्ग बरोबर शहाण्णव. क्षचा वर्ग बरोबर चार. क्ष बरोबर दोन. दोनच्या खाली तिनं दोन रेघा ओढल्या, सवयीनं. मान वर केली.

मास्तरांनी सगळं वाचलं. सावकाश. वरून खाली.

"चूक," ते म्हणाले.

"काय?"

"चूक आहे."

तिनं परत पाहिलं. पायरी पायरी बोट ठेवून पाहिलं. शेजारी नव्यानं मांडलं. दोन.

"दोनच येतंय, मास्तर."

"चूक."

मास्तर चिडले नव्हते, हसतही नव्हते. पाऊस येणार नाही असं सांगावं तसं सांगत होते. नाईकवाडे सरांशी ती भांडली होती, कारण मनात एक जागा होती: दस्तगीर मास्तर आहेत. ज्यांनी आख्ख्या तालुक्याला गणित शिकवलं ते आहेत. आता तीच जागा म्हणत होती, चूक.

तिनं तिसऱ्यांदा मांडलं. आता अक्षरं वाकडी येत होती. क्षचा वर्ग बरोबर चार, इथं आली आणि थांबली.

मास्तर नदीकडं बघत होते.

तिचा अंगठा पुढं झाला. क्षच्या डोक्यावरचा वर्ग तिनं मातीत पुसला. हलकेच, चिमटीत मीठ घ्यावं तसा. खाली लिहिलं, क्ष बरोबर चार. रेघा ओढल्या नाहीत.

"आता?"

मास्तरांनी मान वळवली. पाहिलं.

"बरोबर."

ते उठून खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. उभ्या उभ्याच लिहिलं, घडी न घालता कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचलं: मुलगी गुणी आहे. होडीचं गणित माझ्यासमोर सोडवलं, उत्तर चार आणलं. वर्गात घ्यावी. खाली सही.

"घेईल तो," मास्तर म्हणाले. "जा बेटा. ऊन उतरलंय."

ती पाया पडली. चिठ्ठी घेऊन निघाली.

अंगण संपलं, बाभळी संपल्या, रस्ता आला. जे मागायला आली होती ते हातात होतं. उद्या ती वर्गात जाईल. फळ्यावर पाच ओळी लिहील. सर म्हणतील, शाब्बास, दस्तगीर मास्तरांनी सरळ केलं बघा. रसिका दप्तर उचलून मांडीवर घेईल, बाकावर जागा करेल. पेन दे गं म्हणेल. कपाटाकडं बघत बसायला नको.

सगळं होईल.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक जीप गेली, धूळ उडाली, धूळ खाली बसली. बरोबर हा शब्द तिनं किती दिवस मागितला होता. मिळाला होता. मग तो घशाखाली का उतरत नव्हता?

एवढं एकटं तिला आत्याच्या आतल्या खोलीतसुद्धा वाटलं नव्हतं. तिथं निदान स्वतःचं उत्तर, ते दोन, तरी सोबत होतं.

ती वळली.

मास्तर दारातच उभे होते. ती गेली तेव्हा जसे होते तसेच. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. सरळ अंगणात जाऊन बसली, बोटानं क्षच्या डोक्यावर वर्ग परत काढला, खालचे चार तळहातानं पुसले आणि लिहिलं, दोन.

"चूक," मास्तर दारातून म्हणाले.

"जाताना ताशी बारा. चोवीस किलोमीटर. दोन तास."

"चूक."

"येताना ताशी आठ. तीन तास. दोन आणि तीन, पाच." तिचा श्वास लागला होता. "आणि चार धरले तर? येताना ताशी सहा. परतीलाच चार तास जातात. मग होडी जाताना काय एका तासात पोचली? ताशी चौदानं? पावणेदोन तास लागतात तिला!"

"मी चूक म्हणतोय, सुकेशिनी."

"म्हणा."

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. दस्तगीर मास्तरांना असं आजवर गावात कुणी बोललं नसेल. भले भले पुढारी त्यांच्यासमोर पायरीवर बसायचे.

पण शब्द मागं घ्यावा असं काही तिला वाटेना...

मास्तर आले. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, तिच्या शेजारी मातीत बसले. दोघंही त्या गणिताकडं बघत राहिली. पलीकडं नदीत ट्रॅक्टर सुरू झाला, बराच वेळ घुरघुरला, मग लांब गेला.

तिनं चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली.

"ही ठेवा."

मास्तरांनी ती उचलली. चार तुकडे केले, खिशात घातले. अंगणात टाकले नाहीत.

"नाईकवाडे तुझ्याएवढा होता," ते म्हणाले. "फार हुशार. तुझ्यापेक्षा हुशार."

"असतील."

"त्याचंही एकदा बरोबर आलं होतं. मी चूक म्हणालो."

"मग?"

"त्यानं खोडलं. मी बरोबर म्हणालो. पाया पडला आणि गेला."

"मग?"

"मी दारात उभा राहिलो."

सुकेशिनी वाट बघत होती.

"अहो, मग हाक मारायची होती ना त्यांना!" ती उसळून म्हणाली. "तुम्ही हाक मारली असती तर... तर आज आम्हाला..."

मास्तर रस्त्याकडं बघत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या दाढीवर धूळ बसली होती आणि ती झटकायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. या माणसाचं बोलणं संपलंय की आत कुठंतरी चालूच आहे, हे तिला कळेना. तिला एकदम वाटलं, यांच्याही खोलीत समोर कपाटच असणार.

तिनं पडलेली काडी उचलली आणि मातीतल्या दोनखाली दोन रेघा ओढल्या.

ऊन अंगणातून उठून बाभळींवर गेलं. घरी जायला हवं होतं. आत्या मशीन झाकून चहा टाकत असेल. मग संध्याकाळ, मग सोमवार.

"उद्या सगळे चार म्हणतील," सुकेशिनी हळू म्हणाली.

"म्हणतील."

"रसिकापण."

"तीपण."

"फळ्यावर मी दोन लिहिलं की सर पुन्हा बाहेर काढतील. कायमचं. नाही लिहिलं तर..." तिला वाक्य पुरं करता येईना. "मास्तर, उद्या मी काय करू?"

मास्तरांनी तिच्या हातातली काडी घेतली, खांद्याचा आधार घेऊन उठले, आणि आज पहिल्यांदाच हसले.

"मला कशाला विचारतेस? तू माझं ऐकतेस कुठं?"